नेटवर्क सिक्युरिटी आणि क्रिप्टोग्राफी: पहिल्या सत्रात शिरण्याआधी आणि शिरल्यावर

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे दोन विषय बहुतेक वेळा एकाच पेपरात कोंबलेले असतात. स्वभावाने ते फार वेगळे आहेत. क्रिप्टोग्राफीत व्याख्या मांडायच्या, गृहीतकं ठरवायची, सिद्धता लिहायची. नेटवर्क सिक्युरिटीत मात्र दुसऱ्याच कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या कोडशी आणि प्रोटोकॉलशी गाठ पडते. त्यामुळे गणितात पक्का असलेला विद्यार्थी पॅकेट कॅप्चर समोर आलं की गांगरतो, आणि टूल चालवण्यात तरबेज असलेल्याला डिजिटल सही खोटी का करता येत नाही हे दोन वाक्यांत सांगता येत नाही.

दोन्हीकडे पाय रोवायचा मला पटलेला एकच मार्ग आहे. प्रत्येक संकल्पना एकदा कागदावर लहान आकड्यांनी करायची, आणि मग ती मोडून पाहायची. खालच्या पायऱ्या त्याच बेताने लावल्या आहेत. त्यांचा क्रम तुमच्या सिलॅबसशी जुळणार नाही. जुळावा असा आग्रहही नाही.

पायरी १: आधी पॅकेट पाहा

सत्र सुरू होण्याआधी थोडा मोकळा वेळ मिळाला तर तो सायफर (संदेश सांकेतिक करायच्या पद्धती) पाठ करण्यात घालवू नका. वायरशार्क हा पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या, स्वतःच्याच मशीनवरची रहदारी पकडा आणि एखादी साधी वेबसाइट उघडा. ब्राउझरऐवजी कर्ल ही कमांड वापरलीत तर बरं. ब्राउझर एका भेटीत पन्नास ठिकाणी जाऊन येतो, शिवाय क्विक प्रोटोकॉल वापरत असेल तर टीसीपी दिसतच नाही, सगळं यूडीपीवरून जातं. कर्लने चित्र स्वच्छ दिसतं: आधी डीएनएसची विचारणा, मग टीसीपीची सिन, सिन-ॲक, ॲक ही तीन पॅकेट, त्यानंतर टीएलएसचा, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सांकेतिक प्रोटोकॉलचा, क्लायंट हॅलो, सर्व्हर हॅलो, आणि पुढे न वाचता येणारा डेटा.

आता तो क्लायंट हॅलो उलगडा. त्यात सर्व्हर नेम नावाचं एक्स्टेन्शन सापडेल आणि त्यात साइटचं नाव उघड्या अक्षरांत लिहिलेलं असेल. ते झाकण्याची सोय आली आहे, पण ती अजून सगळीकडे नसते. एचटीटीपीएस लावलं म्हणजे सगळं गुप्त झालं, ही समजूत इथेच गळून पडते. तुम्ही कोणाकडे गेलात, किती बाइट आले, किती वेळाने आले, हे वाटेत बसलेल्याला दिसतंच. दिसत नाही तो फक्त मजकूर.

त्यापुढचा प्रयोग: एसएसएलकीलॉगफाइल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून तीच भेट पुन्हा घ्या आणि सेशन की, म्हणजे त्या भेटीपुरत्या किल्ल्या, लिहिलेली जी फाइल तयार होईल ती वायरशार्कला द्या. तुमचा स्वतःचा टीएलएसचा मजकूर उलगडलेला दिसेल. सेशन की ज्याच्या हातात, संवाद त्याच्या हातात, हे तत्त्व वर्गात दोनदा ऐकण्यापेक्षा असं एकदा पाहिलेलं जास्त टिकतं.

एआरपी, सबनेट, राउटिंग, नॅट, २२, ५३ आणि ४४३ हे पोर्ट, एवढं आधीच माहीत हवं. नेटवर्कच्या सात थरांची (ओएसआय) यादी परीक्षेपुरती पाठ करा, तिच्यावर जीव टाकू नका. आयपी पत्ता कोणत्या मशीनचा हे विचारणाऱ्या एआरपीकडे मात्र नीट पाहा. १९८२ साली लिहिलेल्या त्या प्रोटोकॉलमध्ये उत्तर देणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच नाही. नेटवर्क सिक्युरिटीचा निम्मा पेपर ‘त्या काळी सगळे ओळखीचेच होते’ या गृहीतकाची किंमत मोजण्यात जातो.

पायरी २: लागतं तेवढंच गणित, पण हाताने

मॉड्युलो अंकगणित, मसावि काढायची युक्लिडची रीत आणि तिचा विस्तार, फर्मा आणि ऑयलर यांची प्रमेयं, गट म्हणजे काय याची जुजबी समज, आणि संभाव्यता. पहिल्या सत्राला एवढं पुरतं. इलिप्टिक कर्व्हची भूमिती पाहायला मजा येते, पण ती गट कळल्याशिवाय सुरू करू नका.

आरएसए ही एक किल्ली सार्वजनिक आणि एक खाजगी असलेली पद्धत पुस्तकातल्या आकड्यांनी न करता स्वतःच्या आकड्यांनी करा. ५ आणि २३ या मूळ संख्या घेऊ. गुणाकार ११५, आणि ४ गुणिले २२ म्हणजे ८८. सार्वजनिक घातांक ३ घेऊ. ८८ शी तो सहमूळ आहे. खाजगी घातांक असा हवा की त्याला ३ ने गुणल्यावर ८८ ने भागून बाकी १ उरावी. ५९ चालतो: ३ गुणिले ५९ म्हणजे १७७, आणि १७७ म्हणजे ८८ ची दुप्पट अधिक १.

संदेश ७. त्याचा घन ३४३, ११५ ने भागून बाकी ११३. हा झाला सायफरटेक्स्ट, म्हणजे सांकेतिक संदेश. उलगडायला ११३ चा ५९ वा घात काढायचा. इथे बरेच जण कॅल्क्युलेटर शोधतात. गरज नाही. ११५ च्या हिशेबात ११३ म्हणजे उणे २. त्याचा वर्ग ४, पुन्हा वर्ग १६, पुन्हा वर्ग २५६ म्हणजे २६, पुन्हा वर्ग ६७६ म्हणजे १०१, म्हणजेच उणे १४, आणि पुन्हा वर्ग १९६ म्हणजे ८१. ५९ ची फोड ३२, १६, ८, २ आणि १. तेव्हा ८१, उणे १४, २६, ४ आणि उणे २ यांचा गुणाकार करत, दर वेळी ११५ ने भागत जा: १६, ७१, ५४ आणि शेवटी ७. संदेश परत आला. प्रचंड घात संगणक चुटकीसरशी कसे काढतो, तेही याच पाच ओळींत दडलंय.

आता संदेश ४ घ्या. त्याचा घन ६४. तो ११५ पेक्षा लहान, म्हणून भागाकार झालाच नाही. हल्लेखोराला खाजगी घातांक नको, अवयव नकोत. ६४ चं घनमूळ काढलं की ४ हातात. गणित बरोबर, किल्ली बरोबर, आणि गुपित उघडं. खऱ्या किल्लीच्या संख्येला सहाशेवर आकडे असतात, तरी घातांक ३ आणि संदेश छोटा असेल तर हेच घडतं. दुसरी भानगड: ७ पाठवला की दर वेळी ११३ च येणार. संदेश ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच असेल तर दोन्ही सांकेतिक करून ताडून पाहणं कुणालाही जमेल. प्रत्यक्षात आरएसएच्या आधी ओएईपीसारखं पॅडिंग, म्हणजे संदेशात मिसळलेली यादृच्छिक भर, का घालतात, याचं उत्तर या दोन संदेशांत आहे.

पायथॉनमध्ये पॉव या फंक्शनला तिसरा आकडा दिला की तो मॉड्युलो घात देतो, आणि ३.८ आवृत्तीपासून घातांक उणे १ दिला की व्यस्तही देतो. ते वापरा, पण हाताने एकदा करून झाल्यावर.

संभाव्यतेतली एकच गोष्ट आधी पक्की करा: वाढदिवसाचा विरोधाभास. २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्याच कारणाने १२८ बिटच्या हॅशमध्ये (कोणत्याही संदेशाचा ठरावीक लांबीचा ठसा) टक्कर, म्हणजे एकच ठसा देणारे दोन संदेश, शोधायला २ चा १२८ वा घात एवढे प्रयत्न लागत नाहीत, सुमारे २ चा ६४ वा घात पुरतो. एमडी५ या १२८ बिटच्या हॅशसाठी तेवढेही लागले नाहीत. २००४ साली टकरा दाखवल्या गेल्या. एसएचए-१ ची पहिली प्रत्यक्ष टक्कर २०१७ ची.

पायरी ३: ‘सुरक्षित’ या शब्दाला तीन प्रश्न विचारा

सत्राच्या मध्यावर व्याख्यांचा डोंगर येतो आणि बरेच जण तिथे गळतात. चॅलेंजर, ॲडव्हर्सरी, ओरॅकल, नगण्य संभाव्यता. हे नाटकी वाटतं, पण वर आरएसएने दाखवलेला घोळ नेमक्या शब्दांत पकडण्यासाठीच ते उभं केलं आहे. एखादी योजना सुरक्षित आहे असं कुणी म्हणालं की विचारा: हल्लेखोराला काय काय दिसतं? तो काय मागू शकतो? आणि काय मिळालं की तो जिंकला म्हणायचं?

हल्लेखोर स्वतःच्या पसंतीचे संदेश सांकेतिक करून घेऊ शकतो, आणि तरीही दोन संदेशांपैकी कोणता पाठवला हे त्याला नाणं उडवण्यापेक्षा जेमतेमही चांगलं ओळखता येऊ नये, ही झाली एक व्याख्या. पॅडिंगविना आरएसए तिच्यात सपशेल नापास, कारण ७ चा नेहमी ११३ होतो. व्याख्या वाचल्यावर नापास होणारं एखादं उदाहरण स्वतः शोधायचं. ते सापडलं की व्याख्या कळली.

रिडक्शन पद्धतीच्या सिद्धतेत विद्यार्थी दिशेत चुकतात. ‘अवयव पाडणं कठीण आहे, म्हणून योजना सुरक्षित’ एवढं लिहून भागत नाही. ‘योजना मोडणारा कुणी असेल तर त्याला हाताशी धरून मी कठीण प्रश्न सोडवून दाखवतो’ अशी ती उलट्या अंगाने जाते. उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत लिहा: समजा असा हल्लेखोर आहे. पुढचं बरंचसं आपोआप सरळ होतं.

इतिहास फार लागत नाही, पण दोन नावं कामाची. केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच मांडलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असावं. शॅननने १९४९ मध्ये दाखवलं की परिपूर्ण गुप्तता हवी असेल तर किल्ल्याही संदेशांइतक्याच असाव्या लागतात. आजची बहुतेक क्रिप्टोग्राफी या दुसऱ्या निष्कर्षाशी केलेली तडजोड आहे: परिपूर्ण नको, पण मोडायला विश्वाचं आयुष्य पुरू नये.

पायरी ४: मोडायला घ्या

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला. सायफर लिहून तेवढं कळत नाही, जेवढं चुकीचा वापरलेला सायफर फोडून कळतं. क्रिप्टोपल्स नावाचा सरावसंच ऑनलाइन फुकट आहे आणि त्याचे पहिले दोन संच पहिल्या सत्रात सोडवून होतात. पायथॉन येत असली की झालं.

एक प्रयोग तर आपल्या लिपीनेच सोपा केलाय. स्ट्रीम सायफरमध्ये किल्लीपासून निघालेला बाइटचा प्रवाह संदेशाशी एक्सऑर करतात (बिट सारखे तर ०, वेगळे तर १). तोच प्रवाह दोन संदेशांना वापरला आणि दोन्ही सायफरटेक्स्ट एकमेकांशी एक्सऑर केले, की किल्ली नाहीशी होते. उरतो दोन मूळ संदेशांचा एक्सऑर. आता दोन्ही संदेश मराठीत, यूटीएफ-८ मध्ये लिहा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं: पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि फरक काय तो तिसऱ्यात. त्यामुळे एक्सऑरमध्ये दर तिसरा बाइट शून्य, त्याच्या पुढचा शून्य किंवा एक, असा पट्टा उमटतो. मोकळी जागा मात्र एकाच बाइटची, त्यामुळे एका संदेशात शब्द संपला की पट्टा सरकतो. कोणताही मजकूर न उलगडता शब्द कुठे संपतात ते दिसायला लागतं! दोन परिच्छेद घ्या, वीस ओळींचा प्रोग्राम लिहा आणि आकडे छापून पाहा. नॉन्स, म्हणजे दर संदेशाला प्रवाह वेगळा निघावा म्हणून किल्लीसोबत दिलेला आकडा, पुन्हा वापरू नये हा नियम पुढे कधी विसरणार नाही. एईएस-जीसीएम या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तर नॉन्स दोनदा वापरली की नुसता मजकूर फुटत नाही, संदेश खरा असल्याची खात्री देणारी किल्लीही हल्लेखोराच्या हाती लागते.

यानंतर ईसीबी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक ब्लॉक सुटा सांकेतिक करत, एखादं चित्र सांकेतिक करून बघा. आकार तसाच दिसतो. मग प्रत्येक ब्लॉक आधीच्याशी जोडणाऱ्या सीबीसी मोडवरचा पॅडिंग ओरॅकल हल्ला (इथे पॅडिंग म्हणजे शेवटचा ब्लॉक भरायला घातलेले बाइट). २००२ साली सर्ज व्होदने यांनी तो मांडला. सर्व्हरने ‘पॅडिंग चुकलं’ एवढंच सांगितलं तरी बाइटमागून बाइट अख्खा संदेश वाचता येतो. हा हल्ला स्वतः लिहायला एक-दोन संध्याकाळी जातात. जाऊ द्या.

रँडम आकड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि घात तिथेच होतो. पायथॉनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं. त्याचे ३२ बिटचे ६२४ आकडे सलग पाहिले की पुढचे सगळे सांगता येतात. किल्लीसाठी सिक्रेट्स मॉड्यूल आहे. २००६ ते २००८ या काळात डेबियनच्या ओपनएसएसएलमधून एक बदल करताना यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोतच निघून गेला. उरला फक्त प्रोसेस आयडी, आणि तो ३२,७६८ च्या पुढे जात नव्हता. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच. यादी करून ठेवता येण्याजोग्या. आरएसएचं गणित सगळा वेळ शाबूत होतं.

सरावासाठी लिहिलेला सायफर खऱ्या प्रोजेक्टमध्ये वापरू नका असं प्रत्येक प्राध्यापक सांगतात. त्यामागचं कारण पॉल कोचर यांच्या १९९६ च्या कामात आहे: उत्तर बरोबर असूनही ते यायला लागणारा वेळ किल्लीबद्दल बोलतो. संदेश खरा असल्याची खूण म्हणून सोबत येणारा टॅग सरळ बरोबरच्या चिन्हाने ताडला की पहिला फरक कुठे पडला ते वेळेवरून झिरपतं. म्हणून एचमॅक (हॅश आणि किल्लीपासून काढलेला टॅग) ताडायला पायथॉनने वेगळं फंक्शन दिलंय.

पायरी ५: स्वतःची लॅब, कुंपणासकट

तीन व्हर्च्युअल मशीन पुरतात: एक ग्राहक, एक सर्व्हर, एक मधला भामटा. नेटवर्कची मांडणी ‘इंटर्नल’ किंवा ‘होस्ट-ओन्ली’ ठेवा. ‘ब्रिज्ड’ ठेवलीत तर तुमचा एआरपी स्पूफिंगचा प्रयोग थेट वसतिगृहाच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर जाईल. प्रयोगाआधी स्नॅपशॉट घ्यायची सवय लावा. मग भामट्याला एआरपीची खोटी उत्तरं पाठवायला लावा, ग्राहकाचा एचटीटीपी वाचा, आणि सर्व्हरवर टीएलएस लावून तेच पुन्हा करा. ग्राहकाने प्रमाणपत्र तपासायचं बंद केलं की काय होतं तेही बघा. हा शेवटचा भाग लॅब मॅन्युअलमध्ये क्वचितच असतो.

परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. ‘शिकत होतो’, ‘नुकसान केलं नाही’ ही उत्तरं चालत नाहीत. १९८८ च्या नोव्हेंबरात कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिसने सोडलेला वर्म त्याच्या अंदाजापेक्षा फार वेगाने पसरला; त्याला ३ वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. कॉलेजचं नेटवर्क स्कॅन करायचं असेल तर परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘करा की’ नंतर कुणाला आठवत नाही.

पायरी ६: प्रोटोकॉल मुळातून वाचा

टीएलएस १.३ चं प्रमाण कागदपत्र म्हणजे ऑगस्ट २०१८ चं आरएफसी ८४४६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांची क्रमांकित कागदपत्रं). दीडशेहून अधिक पानं आहेत. सगळी वाचू नका. पहिल्या विभागातली १.२ पेक्षा काय बदललं ती यादी, दुसऱ्या विभागातली हँडशेकची आकृती, आणि सुरक्षेच्या गुणधर्मांचं ई परिशिष्ट, एवढं वाचा आणि शेजारी पहिल्या पायरीतलं कॅप्चर उघडून ठेवा. आकृतीतली प्रत्येक ओळ पॅकेटमध्ये शोधा. सर्व्हरचं प्रमाणपत्र सापडणार नाही. १.२ मध्ये ते उघडं जायचं, १.३ मध्ये सर्व्हर हॅलोनंतरचं सगळं झाकलेलं असतं. मग तुम्ही तयार केलेली की-लॉग फाइल पुन्हा लावा.

काय काढून टाकलं ते वाचताना प्रत्येक वेळी ‘का’ विचारा. आरसी४ हा जुना स्ट्रीम सायफर गेला, सीबीसी गेला, सर्व्हरच्या कायम किल्लीवर विसंबलेली आरएसए की एक्स्चेंज (दोघांनी सामाईक किल्ली ठरवायची रीत) गेली. सीबीसीमागे चौथ्या पायरीतला पॅडिंग ओरॅकलही आहे. आरएसए की एक्स्चेंज गेली कारण आज साठवलेली रहदारी किल्ली उद्या फुटली तरी वाचता येऊ नये. परीक्षेत फॉरवर्ड सिक्रसीची व्याख्या विचारतात. तेव्हा हे कारणासकट लिहिता येईल.

हार्टब्लीडचा कोडही इथेच वाचून घ्या. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या या चुकीत सायफरचा काही दोष नव्हता. ‘माझा संदेश एवढ्या बाइटचा आहे’ असं समोरच्याने सांगितलं आणि ओपनएसएसएलने न मोजता विश्वास ठेवला. एका विनंतीमागे ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर गेली. यासाठी सी भाषा वाचण्यापुरती तरी यायला हवी.

पायरी ७: प्रोजेक्ट निवडताना

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही: गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आरएसए आणि डिफी-हेलमन या की एक्स्चेंजच्या पद्धतीची हातची उदाहरणं, आणि प्रत्येक प्रोटोकॉलची आकृती न पाहता काढता येणं.

प्रोजेक्टचं मात्र जपून ठरवा. ‘नवा एन्क्रिप्शन अल्गोरिदम’ हा विषय दर वर्षी कुणीतरी घेतं आणि दर वर्षी तो फसतो. एईएस हा आजचा प्रमाण सायफर ठरण्याआधी जगभरच्या तज्ज्ञांनी तो काही वर्षं उघडपणे तासला. १९९७ ला स्पर्धा जाहीर झाली, २००० मध्ये डामेन आणि राइमेन यांचा राइनडाल निवडला गेला, २००१ मध्ये प्रमाण झालं. एका सत्रात ते होत नाही. मोजमापाचा विषय घ्या.

सध्या त्यासाठी चांगली जागा म्हणजे क्वांटम संगणकालाही पुरून उरणारी की एक्स्चेंज. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की मोठा क्वांटम संगणक आरएसए आणि डिफी-हेलमन दोन्ही मोडेल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने पर्यायी पद्धतींची पहिली तीन प्रमाणं प्रसिद्ध केली. त्यांतल्या एमएल-केईएम-७६८ ची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटची, सध्याच्या एक्स२५५१९ या इलिप्टिक कर्व्हवरच्या डिफी-हेलमनची अवघी ३२. दोन्ही एकत्र पाठवल्या तर १,२१६ बाइट किल्ल्यांनाच, आणि इथरनेटच्या पॅकेटची नेहमीची मर्यादा १,५००. बाकीची एक्स्टेन्शन धरली की क्लायंट हॅलो सहज दोन पॅकेटांत जातो. तुमच्या तीन मशीनच्या लॅबमध्ये मधल्या मशीनवर मुद्दाम उशीर आणि पॅकेटगळती घाला, दोन्ही प्रकारचे हँडशेक हजारभर वेळा करून वेळ मोजा आणि गळती वाढवत नेली की फरक कसा बदलतो त्याचा आलेख काढा. पर्यवेक्षकांकडे पहिल्या भेटीला जाताना नुसती कल्पना न नेता एक छोटं कॅप्चर आणि दहा-वीस मोजमापं सोबत ठेवा.